पासपोर्ट का लपवला?

प्रश्न : 'हॅपी टुगेदर' या हाँगकाँगच्या चित्रपटात लाय आपल्याच जोडीदाराचा पासपोर्ट लपवून ठेवतो. प्रेम करायचं आणि वर कोंडून घालायचं, हे कसं? आणि भांडायला हे दोघे थेट अर्जेंटिनात कशाला जातात?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. त्यांना इग्वासूचा धबधबा बघायचा असतो. वाटेत रस्ता चुकतो, भांडण होतं, परतीच्या भाड्याचेही पैसे उरत नाहीत आणि दोघे ब्वेनोस आयरेसमध्ये अडकून पडतात.

पासपोर्टचं मात्र नीट बघायला हवं. हो पो-विंग (लेस्ली च्युंग) मनात येईल तेव्हा सोडून जातो आणि परत आला की नव्याने सुरुवात करू या म्हणतो. एकदा तो मार खाऊन, दोन्ही हात जायबंदी होऊन लायच्या (टोनी ल्युंग) खोलीवर येतो. लाय त्याला भरवतो, पुसून काढतो. एवढंच काय, स्वतः तापाने फणफणलेला असताना विंगला भूक लागली म्हणून अंगावर पांघरूण घेऊन चुलीपुढे उभा राहतो! विंग लवकर बरा होऊ नये असं त्याला वाटत असतं, आणि हे तो विंगला कधीच सांगत नाही. हात बरे झाले की हा जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक. मग सिगारेटची पाकिटं आणायला बाहेर पडण्याचं निमित्तही उरू नये म्हणून तो खोलीत त्यांचा ढीग लावतो. पासपोर्ट लपवणं ही त्याचीच पुढची पायरी.

गंमत म्हणजे इथे आड येणारे आईबाप नाहीत, समाज नाही. दिग्दर्शक वाँग कार-वाय यांनी सगळी भानगड दोघांच्या स्वभावातच ठेवली आहे. १९९७ साली कान चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १ जुलैला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं. तेव्हा तिथल्या माणसाला पासपोर्ट म्हणजे निव्वळ प्रवासाचा कागद वाटत नसणार. चित्रपट सुरू होतो तोही पासपोर्टवर शिक्के पडताना.

पुढे विंग पासपोर्ट मागतो तेव्हा लाय त्याला भेटायलाच तयार नसतो. विंगने पुन्हा नव्या सुरुवातीची भाषा केली तर आपण विरघळू, ही त्याची धास्ती. तरी सेवा केली म्हणून कागद दडवायचा हक्क मिळत नाही. विंग उनाड खरा, पण या बाबतीत दोष लायचाच.