उसने चिंतन आणि कीर्तनकार

शंका : मी सप्ताहांतून कीर्तनसेवा करतो. मध्यंतरी एका नामांकित महाराजांचे निरूपण यूट्यूबवरून पाठ करून जसेच्या तसे मांडले. त्यांच्या गावच्या म्हातारीचा प्रसंगही ‘आमच्या गावची गोष्ट’ म्हणून सांगितला. कीर्तन रंगले, पण नंतर एका टाळकऱ्याने बाजूला घेऊन म्हटले, “महाराज, हे कुठंतरी ऐकलंय.” मूळ वक्त्याचे नाव घ्यायला हवे होते का? घेतले तर लोक म्हणतील, याचे स्वतःचे काहीच नाही. आणि सगळे संतांचेच, मग त्यात आपले-परके कसले?
— एक तरुण कीर्तनकार, बार्शी तालुका

समाधान : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ही पळवाट अनेकांच्या तोंडी ऐकली आहे. सगळे संतांचे, हे खरे. पण संतांचे म्हणून आपण जे गातो ते नावासकट गातो. अभंगाच्या शेवटी तुकोबांची, नामदेवरायांची, नाथांची मुद्रा असते. ती गाळून प्रमाण दिलेत तर टाळकरी तिथल्या तिथे तुमच्याकडे बघतील. तुकोबांच्या हयातीतच सालोमालो नावाच्या एकाने त्यांचे अभंग आपल्या नावावर खपवले. एरवी लोकांचे इतके सोसणाऱ्या तुकोबांनी त्याला मात्र गाथेत चांगलेच फटकारले आहे.

नाव राहिल्याने काय होते, ते बहिणाबाईंच्या चरित्रात पाहा. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांची पदे ऐकली. तुकोबांची म्हणून ऐकली, म्हणून पुढे त्यांची पावले देहूकडे वळली. स्वामींनी ती पदे स्वतःची म्हणून गायली असती, तर बाईंना देहू कुठून कळणार होते?

म्हणून प्रत्येक गोष्टीला नाव चिकटवत बसायचे असेही नाही. पदांची फोड, शंका काढून तिचे निरसन करण्याची रीत, दोरीवरच्या सापासारखे दृष्टांत, चाली, ही सगळी फडावरची सामाईक पुंजी. जोगमहाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती हीच पुंजी पुढच्यांच्या हाती देण्यासाठी. गुरूच्या पाठातून आलेल्याला चोरी म्हणणारा परंपरेलाच चोर ठरवील. पण हयात असलेल्या कुणी एखाद्या चरणाचा नवा अर्थ लावला असेल, त्यासाठी जुन्या पोथ्या धुंडाळल्या असतील, तर तो त्याच्या नावानेच सांगा. ‘हे चिंतन अमक्या महाराजांचे’ एवढे म्हणायला किती वेळ लागतो? ज्ञानदेवांनीसुद्धा आपण व्यासांच्या मागाने, भाष्यकारांना वाट विचारत आलो, असे उघड सांगितले. त्यांचे स्वतःचे काही नव्हते असे आजवर कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

खरी गोम त्या म्हातारीत आहे. इथे श्रेयाचा प्रश्नच नाही. तुम्ही खोटे बोललात. लोक दृष्टांत दृष्टांत म्हणून ऐकतात, पण ‘आमच्या गावची गोष्ट’ म्हटले की ती साक्ष होते. उद्या तेच श्रोते मूळ व्हिडिओ पाहतील, तेव्हा त्यांचा विश्वास तुमच्यावरून तर उडेलच, पण तुम्ही दिलेल्या खऱ्या प्रमाणांवरूनही उडेल. त्या गावी पुन्हा सेवा असेल तेव्हा म्हातारीला तिच्या मूळ गावी पोचवून या. कीर्तन तरीही रंगेल.

शंका : आमचे पाळकसाहेब अधूनमधून पुस्तकातला छापील उपदेश वाचतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, अहिल्यानगर

समाधान : वाचतात हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे लपवालपवी नाही. इंग्लंडच्या चर्चने 1547 मध्ये उपदेशांचे एक पुस्तकच छापून मंडळ्यांमध्ये वाचायला दिले; ते पाळकाचे स्वतःचे नाही हे सर्वांना ठाऊक असे. त्याही आधी, पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी उपदेशकांसाठीच्या आपल्या ग्रंथात लिहिले की, ज्याला बोलता चांगले येते पण रचता येत नाही, त्याने दुसऱ्याचे चांगले पाठ करून सांगावे, त्यात वावगे नाही. देवाचे वचन पाळणाऱ्याला ते परके नसते. चांगले बोलून वाईट वागणारा मात्र परक्याचे बोलतो, असा त्यांचा रोख आहे. मला ही सवलत मान्य आहे, फक्त पुस्तक उघड असावे. पाळकसाहेब दर आठवड्याला तयारी टाळण्यासाठी वाचत असतील, तर तो वेगळा आजार.

शंका : आमच्या मंडळाला जुन्या प्रवचनांचे संकलन छापायचे आहे. प्रवचनकारांची नावे दिली की पुरे ना?
— भजनी मंडळ, सातारा

समाधान : पुरे नाही. संतवाङ्मय सर्वांचे आहे, पण प्रवचनकाराच्या हयातीत छापून आलेल्या लेखनावर 1957 च्या कॉपीराइट कायद्याने त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क असतो. नाव द्यायचेच, शिवाय परवानगीही घ्यायची. वारसांना एक साधे पत्र लिहा. बहुतेक जण आनंदाने होकार देतील आणि वर दोन-चार प्रती मागतील; त्या आधीच हिशेबात धरा.