अस्वल आणि उष्टे अन्न

दोन मित्र व अस्वल यांची गोष्ट आमच्या वाचकांपैकी कोणास ठाऊक नाही? एक मित्र झाडावर चढला, दुसरा श्वास कोंडून मेल्यासारखा पडून राहिला, आणि अस्वल त्यास हुंगून निघून गेले. ही गोष्ट शिकविताना, ‘सर, अस्वल खरोखरच असे करते काय?’ असा प्रश्न आम्हांस दर वर्षी कोणी ना कोणी विचारतोच. त्याचे उत्तर येथे देत आहोत.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात ग्रिझ्ली नावाचे प्रचंड तपकिरी अस्वल राहते. त्याच्या खांद्यांवर मांसाचा उंचवटा असून नखे माणसाच्या बोटाएवढी लांब असतात. देह अवजड, तरी ते ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावते. म्हणून त्याच्यापुढे पळणे व्यर्थ होय. इतके बलाढ्य असूनही मनुष्य हे त्याचे नित्याचे भक्ष्य नव्हे. मुळे, फळे, किडे, मासे व इतर प्राणी यांवर त्याचा निर्वाह चालतो. माणसाची चाहूल लागताच ते बहुधा दूर जाते. अवचित गाठ पडली किंवा पिलांजवळ कोणी गेले, म्हणजे मात्र ते अंगावर येते.

आता एक शोककारक हकीकत ऐका. मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान १९१० साली स्थापन झाले. पुढील ५७ वर्षांत तेथे अस्वलाने एकाही मनुष्याचा प्राण घेतला नव्हता. परंतु १३ ऑगस्ट १९६७ रोजी, उजाडण्यापूर्वीच, सुमारे १५ किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या अस्वलांनी उघड्यावर निजलेल्या दोन तरुणींस ठार केले. दोघीही अवघ्या १९ वर्षांच्या होत्या.

असे का घडले? ग्रॅनाइट पार्क येथील प्रवासी-निवासाचे खरकटे रात्री बाहेर टाकले जाई, आणि ते खाण्यास येणारी अस्वले पाहण्यास प्रवासी कौतुकाने जमत. ट्राउट सरोवराकडील अस्वल तर त्या उन्हाळ्यात माणसांच्या वस्तीत शिरून अन्न पळवू लागले होते. जेथे माणूस तेथे अन्न, एवढेच ती शिकली. भीती निघून गेली. पुढे काही अस्वलांसही गोळ्या घालण्यात आल्या. मौज माणसाची झाली. प्राण मात्र दोन्हीकडचे गेले.

यानंतर तेथील व्यवस्था पालटली. अन्न व कचरा अस्वलांच्या हाती लागू नये, असे कडक नियम झाले.

आता आमच्या गोष्टीकडे वळू. अवचित भेटीत बिथरलेल्या ग्रिझ्लीने गाठलेच, तर पालथे पडून, दोन्ही हातांनी मान झाकून निश्चल राहावे, असे जाणते सांगतात. एवढ्यापुरती गोष्ट खरी आहे. पण अन्नास चटावलेले अस्वल रात्री तंबूत शिरले, तर स्वस्थ न पडता सर्व बळाने प्रतिकार करावा, असेही तेच सांगतात.

विद्यार्थिमित्रहो, ग्रिझ्ली आपल्या देशात नाही. परंतु सहलीस गेलो असता घाटातील माकडांपुढे शेंगदाणे व बिस्किटे आपणच टाकतो, आणि मग ती हातातील पिशवी हिसकावितात म्हणून त्यांनाच दगड मारतो. वन्य पशूंस दुरून पाहावे, त्यांचे अन्न त्यांस शोधू द्यावे. खरी भूतदया ती हीच.