घरातील कुजलेले लाकूड : दुरुस्ती की बदल?

आपल्या सौंदड भागात धानाची शेती, तळी आणि जंगल ही तिन्ही जवळजवळ असल्याने मातीच्या भिंती, सागाचे खांब व कवेलूंचे छप्पर अशी घरे पूर्वापार बांधली गेली. अलीकडे सिमेंटची घरे पुष्कळ झाली. तथापि वाडवडिलांचे लाकडी घर राहते ठेवणारे कास्तकारही थोडे नाहीत. अशा घरात एखाद्या दिवशी खांबाचे बूड ठिसूळ लागते, किंवा भिंतीत गेलेले तुळईचे टोक काळवंडलेले दिसते. मग घरात दोन मते होतात. एक म्हणतो, वर पट्टी मारा म्हणजे झाले. दुसरा म्हणतो, सगळेच काढून टाका. ह्या दोन्ही मतांनी नुकसान होते, कारण दोन्ही तपासाआधी दिलेली असतात.

महसूल खात्यात कारकुनी करीत असताना अतिवृष्टीने पडलेल्या घरांचे पंचनामे लिहिण्याचा प्रसंग मजवर अनेकदा आला. कारणाच्या रकान्यात ‘अतिवृष्टी’ असे लिहिले जाई, व ते खोटे नव्हते. परंतु मोडलेल्या तुळईचे टोक हातात घेतले असता ते चिमटीत चुरले जाई. म्हणजे घर पडले एका रात्री, पण पडू लागले होते कित्येक वर्षांपूर्वी. हा अनुभव पदरी असूनही माझ्या स्वतःच्या घरी मी चूक केली. ती पुढे सांगतो.

कुजीचे कारण

लाकूड वयाने कुजत नाही, पाण्याने कुजते. पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या दगडी छताला लाकडी कमानी बसविलेल्या आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या असून आजही जागेवर आहेत, कारण डोंगराच्या पोटात त्यांच्यावर पाऊस पडत नाही. उलट आपल्या कुंपणाचा खुंट जमिनीलगत चार-सहा वर्षांत कुजून मोडतो.

कूज म्हणजे बुरशीचे काम होय. तिला लाकूड, हवा, ऊब आणि ओल ही चारही लागतात. लाकडातील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढू शकत नाही. याउलट लाकूड सदैव पाण्यात बुडालेले असेल तर हवेअभावी तेही टिकते. म्हणूनच विहिरीच्या तळाशी जांभळीच्या लाकडाचे कडे बसविण्याचा जुना प्रघात आहे. धोका असतो तो मधल्या जागी, जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. खांबाचे बूड, भिंतीत गेलेले तुळईचे टोक, पन्हळीखालचे वासे आणि चौकटीचा उंबरठ्याजवळचा भाग ह्या त्या जागा होत.

वाळवीचे, म्हणजे उधईचे, काम निराळे ओळखावे. तिच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून चढलेल्या दिसतात व लाकडाच्या आत माती सापडते. बुरशीने कुजलेले लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकते, किंवा पांढुरके व धागेदार होते. अनेकदा दोन्ही शत्रू एकत्र असतात, कारण ओल दोघांनाही मानवते.

माझी चूक

सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या ओसरीचा एक खांब बुडाशी कुजला. मी सबंध खांब काढून नवा सागाचा खांब बसविला आणि पक्के काम व्हावे म्हणून त्याच्या बुडाभोवती सिमेंटचा गिलावा केला. पाच पावसाळ्यांत तो नवा खांबही कुजला. वरची तुळई दोन बोटे खाली आली. त्या तुळईवर माळा, माळ्यावर धानाची ढोली, आणि खाली माझ्या वृद्ध आईची खाट! त्या रात्री आम्ही प्रथम ढोली रिकामी केली, व नंतर विचार केला.

तपासाअंती असे दिसले की समोरील रस्ता व अंगण दोन्ही उंच झाले होते, पण ओसरी जुन्याच पातळीवर राहिली होती. पावसाचे पाणी उलटे ओसरीकडे येई. सिमेंटच्या गिलाव्याने तळाशी शिरलेली ओल बाहेर पडू दिली नाही. खांब जणू वाटीत उभा होता. खांब बदलण्यात माझी चूक नव्हती. पाणी तेच ठेवले ही चूक होती. यास्तव पहिला नियम असा की, पाण्याचा पत्ता लागल्याशिवाय लाकडाचा निकाल देऊ नये.

लाकडाची आणेवारी

रस्त्यावरून शेत पाहून पिकाची आणेवारी ठरविता येत नाही. ठराविक मापाचा तुकडा कापून धान्य मोजावे लागते. आता आण्यांऐवजी पैसेवारी म्हणतात, पण रीत तीच. लाकडाचेही तसेच करावे.

प्रथम हातोडीच्या दांड्याने लाकूड ठोकीत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोकळ लाकूड बद्द वाजते. नंतर दाभण किंवा टोकदार पेचकस जोराने टोचून पाहावा, आणि टोक थोडे उचकटावे. चांगल्या लाकडाची लांब सळ निघते. कुजलेल्याचा तुकडा आखूडच तुटतो. शंका राहिल्यास बारीक गिरमिटाने भोक पाडून आतला भुसा पाहावा. तो काळपट, ओला व पिठासारखा असेल तर तेथवर कूज पोचली असे समजावे. जेथे कूज संपते तेथे खडूने रेघ मारावी.

तुळईच्या बाबतीत थोडे गणित ध्यानात ठेवावे. आडव्या तुळईचे बळ तिच्या उंचीच्या वर्गाप्रमाणे असते. सहा इंच उंचीच्या तुळईचा एक इंच थर सबंध रुंदीभर कुजला तर उंची पाच इंच उरते. परंतु बळ ३६ पैकी २५ भाग, म्हणजे सोळा आण्यांतून सुमारे अकरा आणेच उरते. दोन इंच कुजले तर ३६ पैकी १६ भाग, म्हणजे सात आण्यांच्या आसपास. डोळ्यांस तिसरा हिस्सा गेलेला दिसतो, पण बळ निम्म्याहून अधिक गेलेले असते. शिवाय बुरशी लाकूड दिसण्याइतके बिघडण्यापूर्वीच त्याचे बळ खाते. म्हणून नजरेच्या अंदाजातून नेहमी काही आणे वजा करावेत.

निर्णय

खांब : बूड एक-दीड हातापर्यंत कुजले असून वरचा भाग निरोगी असल्यास खांब टाकून देऊ नये. खडूच्या रेघेपुढे आणखी एक वीत निरोगी लाकूड कापावे, आणि खाली उंच दगडी तळखडा द्यावा किंवा गाभ्याच्या लाकडाचा तुकडा खाच घालून जोडावा. खांबावर भार उभा येतो, म्हणून असा जोड टिकतो.

ह्या बाबतीत जपानचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील इसे मंदिराचे खांब थेट जमिनीत रोवलेले असतात, व धर्मप्रघात म्हणून ते मंदिर दर वीस वर्षांनी नवे बांधतात. अलीकडची बांधणी २०१३ साली झाली. त्याच देशातील होर्यूजी मंदिराचे खांब दगडांवर उभे आहेत, आणि जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. खांबाचे कुजलेले बूड कापून नवा तुकडा जोडण्याची कला तेथील सुतारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

तुळई : कूज फक्त भिंतीतील टोकास असेल तर भिंतीलगत दुसरा खांब देऊन भार त्यावर घ्यावा, व कुजलेले टोक कापून टाकावे. कूज मध्यभागी असेल तर जोड देण्याच्या भरीस पडू नये. तुळईच्या मध्यावर, विशेषतः खालच्या अंगास, ताण सर्वांत जास्त असतो. तेथे लोखंडी पट्टी मारून केवळ मनाचे समाधान होते. अशी तुळई बदलावीच.

वासे व पाट्या : ह्यांची किंमत थोडी व दुरुस्तीची मजुरी अधिक. ते बदलावे, किंवा शेजारी नवा वासा जोडून द्यावा.

चौकट : नक्षीची जुनी चौकट केवळ पायाशी कुजली असल्यास खालचे तुकडे बदलून वाचवावी. तसे लाकूड व तशी कारागिरी आता सहज मिळत नाही.

काम करताना

माळा रिकामा करून व कवेलू उतरवून भार कमी करावा. दोन्ही बाजूंस जाड फळ्यांवर टेकू देऊनच करवत लावावी. नवीन लाकूड पूर्ण वाळलेले व गाभ्याचे घ्यावे. सागाचा सोनेरी तपकिरी गाभा टिकाऊ असतो. बाहेरील फिकट लाकूड सागाचे असले तरी लवकर कुजते. कोवळ्या झाडात हे फिकट लाकूडच जास्त, म्हणून केवळ ‘साग आहे’ एवढ्यावर भुलू नये. आपल्या शेतातील सागही परवानगीवाचून तोडू नये. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे ती घ्यावी लागते.

जोडाच्या जागी, छपराखालच्या कोरड्या लाकडास टंकणखार व बोरिक अम्ल यांचे द्रावण दोन-तीन वेळा पाजावे. उघड्यावर ते पावसाने धुऊन जाते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत डॉ. सोंती कामेसन यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. ते दाबाने लाकडात भरले की धुऊन जात नाही. मात्र अशा लाकडाचे तुकडे चुलीत कदापि घालू नयेत, कारण धूर व राख विषारी असते. ओल्या लाकडावर डांबर किंवा रंग फासणे म्हणजे ओल आत कोंडणे होय.

तपास कार्तिकात करावा. पाऊस संपूनही जेथे ओल राहिली, तेथेच शत्रूचा ठाव आहे. दुरुस्ती फाल्गुन-चैत्रात, कवेलू फेरताना करावी.

आमच्या ओसरीचा तो खांब मी तिसऱ्यांदा नवा आणला नाही. कुजलेले बूड कापून हातभर उंचीचा दगडी तळखडा दिला, सिमेंट फोडून काढले आणि अंगणास बाहेरच्या बाजूने उतार करून नाली खणली. त्यानंतर गेलेल्या प्रत्येक पावसाळ्यानंतर मी दाभण टोचून पाहतो. ते आत जात नाही. वाचक बंधूंनी यंदाच्या कार्तिकात धानाची कापणी आटोपल्यावर एक तास आपल्या घरासाठी द्यावा, एवढीच विनंती.