कर्करोगाच्या रुग्णाची डोकेदुखी पित्ताची समजू नका

स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा रक्ताचा कर्करोग झालेला रुग्ण पिंप्राळ्याच्या माझ्या दवाखान्यात येऊन "डॉक्टरसाहेब, पित्ताने डोकं दुखतंय" असे म्हणाला, तर मी नुसती पित्ताची गोळी देऊन त्याला घरी पाठवीत नाही. पहाटे वाढणारी डोकेदुखी, उलट्या, एकाच्या दोन वस्तू दिसणे, तोंड वाकडे होणे, पायांतली शक्ती जाणे, लघवी अडणे यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले, तर रोग मेंदूच्या आवरणांत पसरला आहे का, हे तपासावेच लागते.

मेंदू व मज्जारज्जूभोवती तीन आवरणे असतात. आतल्या दोन आवरणांमध्ये सुमारे १५० मिलिलीटर पाणी फिरत असते. पाटाच्या पाण्याबरोबर तणाचे बी साऱ्या शेतात पसरते, तशा कर्करोगाच्या पेशी या पाण्यातून डोक्यापासून कमरेपर्यंत कुठेही रुजतात.

निदानासाठी आधी एमआरआय करतात. मग कमरेतून सुईने थोडे पाणी काढून त्यात या पेशी शोधतात. पहिल्या वेळी त्या सापडतीलच असे नाही. तपासणी पुन्हा करावी लागते. "पाठीतून पाणी काढले की माणूस लुळा पडतो" ही समजूत चुकीची आहे. मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली सुई घालतात.

शिरेतून दिलेली बरीच औषधे या पाण्यात पुरेशी पोचत नाहीत. म्हणून मेथोट्रेक्सेटसारखे औषध सुईने थेट पाण्यात सोडतात. वारंवार सुई नको म्हणून टाळूच्या कातडीखाली लहानशी कुपी बसवता येते. डॉ. अयुब ओमाया यांनी ती १९६३ मध्ये प्रथम मांडली. सोबत सूज उतरवणारी औषधे व किरणोपचार देतात. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ओसिमर्टिनिबच्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तर रोग तिथे पसरू नये म्हणून आधीपासूनच पाठीतून औषध देतात. ती इंजेक्शने पालकांनी भीतीपोटी चुकवू नयेत. यातली पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र खरे सांगितले पाहिजे. स्तनाचा वा फुप्फुसाचा रोग आवरणांत पसरल्यावर तो मुळापासून जाणे फार अवघड असते. उपचार न केल्यास बहुधा काही आठवडेच मिळतात. उपचाराने काहींना महिने मिळतात, थोड्यांना त्याहून अधिक. गेलेली शक्ती बहुतेकदा परत येत नाही. असलेली टिकवता येते. म्हणूनच इथे दिवस महत्त्वाचे.

तेव्हा अशी लक्षणे दिसताच जुने सर्व कागद घेऊन, जिथे कर्करोगाचा उपचार झाला तिथेच, मुंबईला टाटात असो वा अन्यत्र, लगेच जावे. सरकारी योजनेतून खर्च मिळेल का, तेही तिथे विचारावे. रुग्ण फारच थकलेला असेल, तर वेदना व उलट्या थांबवून त्याला घरच्या माणसांत ठेवणे हाही उपचारच आहे. मात्र तो निर्णय रुग्णाला विचारून घ्यावा, त्याच्यापासून लपवून नव्हे.