बर्फावरचा बूट इतका ताठ का असतो?

प्रश्न : मी पनवेलला राहतो. कर्नाळा, इर्शाळगड, माणिकगड, प्रबळगड हे सगळं साध्या ट्रेकिंग शूजवर झालं आहे. पुढच्या वर्षी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला जायचं आहे. तिथले बूट फळीसारखे ताठ असतात आणि पाय सोलून काढतात, असं मित्र सांगतात. इतका ताठ बूट लागतोच कशाला? आत्ताच विकत घेऊन कलावंतीणच्या पायऱ्यांवर वापरून सैल करू का?

उत्तर : कलावंतीणवर तर मुळीच नको. तिथल्या पायऱ्या कातळात खोदलेल्या, उंच आणि उघड्या कड्यावरच्या. तिथे तळव्याला खालचा दगड कळायला हवा आणि घोटा मोकळा वळायला हवा. ताठ बूट नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतो. हंटर शूज किंवा ॲक्शनचे ट्रेकिंग शूज घालून कित्येकांनी सह्याद्री पालथा घातला, तो केवळ ते स्वस्त होते म्हणून नव्हे. आपल्या कातळाला ते चांगले धरतात. सह्याद्रीत तेच घाला.

बर्फावर मात्र हिशेब उलटा होतो. कडक बर्फावर रबर धरत नाही, म्हणून बुटाखाली क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दातांचा सांगाडा बांधतात. पोलाद वाकत नाही. वरचा बूट पावलागणिक वाकत राहिला तर क्रॅम्पॉन सैल होतो, निसटतो, कधी मोडतोही. शिवाय उभ्या उतारावर तुम्ही क्रॅम्पॉनच्या पुढच्या दोन दातांवर उभे असता. तळ मऊ असेल तर टाच खाली लोंबते आणि सगळा भार पोटरीवर येतो. पाच मिनिटांत पाय थरथरायला लागतात. ताठ तळ हा भार स्वतः उचलतो. कडक बर्फात पायरी पाडायला बुटाचं टोक लाथेसारखं मारावं लागतं, तेव्हा बोटं शाबूत ठेवतो तोही हा ताठपणाच.

या बुटाला इथवर यायला बरीच किंमत मोजावी लागली. पूर्वी गिर्यारोहक चामडी बुटाला लोखंडी खिळे ठोकून चढत, आणि त्या खिळ्यांतून थंडी सरळ पायात उतरे. 1935 साली इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा सोबती वादळात सापडून गारठून गेले. कातळासाठी घातलेले त्यांचे हलके बूट त्या हवामानात अगदीच अपुरे होते. या घटनेनंतर ब्रामानी यांनी पिरेलीच्या मदतीने खोल खाचांचा रबरी तळ घडवला आणि तो 1937 पासून बाजारात आला. आज कितीतरी ट्रेकिंग शूजखाली ‘व्हिब्रम’ असा पिवळा शिक्का दिसतो, तो त्यांच्याच नावावरून.

आता तुमच्या पैशांचं. कोर्ससाठी बूट घेऊ नका. बूट, क्रॅम्पॉन, आइस ॲक्स हे सगळं संस्थाच देते. खरी कसोटी भांडारासमोरच्या रांगेत असते. तिथे आठ नंबर मागून आठ नंबर घेऊन निघू नका, कारण एका कंपनीचा आठ दुसरीचा साडेसात भरतो. जे मोजे बर्फावर घालणार तेच घालून जा. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या आणि टाचेमागे तर्जनी घालून पाहा. ती जेमतेम जायला हवी. मग टाच मागे आपटून बसवा आणि नाड्या आवळा. पायरीच्या कडेवर फक्त चवडा ठेवून उभे राहा. टाच आत उचलली जात असेल तर तो बूट चढावर चावणारच. शेवटी उताराकडे तोंड करून उभे राहा, टोक जमिनीवर दोन-तीनदा आपटा. अंगठ्याचं नख टेकलं तर एक नंबर वर जा. उतरताना काळी पडणारी नखं आखूड बुटाची असतात. जाण्याआधी नखं कापायला विसरू नका.

टाच घट्ट आणि बोटं मोकळी, एवढंच मी आग्रहाने सांगेन. थंडीच्या धास्तीने मोज्यांचे तीन-तीन थर कोंबणारे असतात. त्याने बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि जिच्यासाठी मोजे चढवले ती थंडीच आधी शिरते. हिमदंश व्हायला तंग बूट मोठा हातभार लावतो. तेव्हा एक जाड लोकरी मोजा पुरे, फार तर त्याखाली एक पातळ.

पुढे मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरासारखी मोहीम आखाल तेव्हा विकत घ्यायचा विचार करा. हवामान बरं असेल तर तिथे एकपदरी उबदार ताठ बूट चालतो. लडाखमधल्या कांग यात्से-2 सारख्या सहा हजार मीटरवरच्या शिखराला दुपदरी हवा, म्हणजे ज्याचा आतला बूट वेगळा काढून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेता येतो. दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात आणि उंचीवरही ते फुगतात. चप्पल-सँडलवर वाढलेले आपले पंजे बरेचदा रुंद असतात, आणि युरोपातले अनेक बूट अरुंद साच्यावर बेतलेले. मित्राला अमुक कंपनीचा बूट लाभला, एवढ्यावर पैसे टाकू नका. ताठ बूट सैल होईल ही आशाही धरू नका. आतलं अस्तर थोडं दबतं, तळ तसाच राहतो. त्याची सवय पायालाच करायची: आधी घराचा जिना, मग सपाट रस्ता, मग हिवाळ्यात पाठीवर सॅक घेऊन ठाकूरवाडी ते प्रबळमाची ही मळलेली वाट. माचीवर बूट बदला आणि मगच पुढे कलावंतीणला जा.

प्रश्न : खारघरच्या एका ओळखीच्यांकडे वीस वर्षांपूर्वीचे प्लास्टिकचे डबल बूट आहेत, जवळजवळ न वापरलेले. फार स्वस्तात देत आहेत. घ्यावेत का?

उत्तर : फुकट मिळाले तरी नकोत. कवचातलं प्लास्टिक आणि अनेक बुटांच्या तळातला फोमसारखा थर, दोन्ही वापराने नव्हे तर वयाने आणि दमटपणाने कुजतात. बाहेरून बूट कोरा दिसतो आणि हिमनदीवर कवच तडकतं किंवा तळ सुटून येतो. पनवेल-खारघरच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या बुटाला हे दुखणं लवकर लागतं. तुम्ही स्वतःचे बूट घ्याल तेव्हा ते डब्यात बंद करून माळ्यावर टाकू नका. अस्तर काढून सावलीत वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पावसाळ्यात ते बदलत राहा आणि प्रत्येक मोहिमेआधी तळ दोन्ही हातांनी पिळून तडे पाहा.