बादली धरून उभे राहिलो, तर कार्य शून्य कसे?

प्रश्न : विहिरीतून भरलेली बादली ओढली की कार्य होते, पण तीच हातात धरून अर्धा तास उभे राहिले तर कार्य शून्य, असे शाळेत शिकवतात. हात तर चांगलाच भरून येतो! मग हे शून्य आले कुठून?

उत्तर : हात भरून येतो हेही खरे आणि शून्यही खरे. सूत्रातले कार्य (बल × विस्थापन × दोहोंमधल्या कोनाचा कोसाइन) हे बादलीवर झालेले कार्य असते. शरीरात काय खर्च झाले, तो हिशेब वेगळा.

आधी ओढणे पाहू. १० किलो पाणी, १ किलोची बादली आणि पाणी १२ मीटर खोल. वजन ११ × ९.८ म्हणजे सुमारे १०८ न्यूटन. त्याला १२ ने गुणले की साधारण १,२९४ ज्यूल. दोराला मात्र सगळे विसरतात. तो २ किलोचा धरला, तर त्याचे खालचे टोक १२ मीटर चढते, वरचे जवळजवळ नाहीच. सरासरी ६ मीटर. म्हणजे आणखी ११८ ज्यूल. रहाटाच्या चाकाने यात बचत होत नाही, उलट घर्षणाची थोडी भरच पडते. पण खाली ओढायची सोय होते, आणि तीही काही कमी नव्हे.

आता उभे राहण्याकडे वळू. बादली हलली नाही, विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य. भिंतीतली खुंटी हेच वजन वर्षभर पेलते आणि तिला काहीही खर्च येत नाही. स्नायूचे तसे नाही. त्यातले मायोसिनचे रेणू अ‍ॅक्टिनच्या तंतूंना पकडतात, खेचतात, सोडतात, पुन्हा पकडतात. या प्रत्येक फेरीला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्ची पडतो. हात बाहेरून स्थिर दिसला तरी आत ही ओढाताण अखंड चालू असते, आणि त्या ऊर्जेची शेवटी उष्णता होते. थकवा येतो तो या खर्चातून.

बादली घेऊन सपाट वाटेने घरी चाललात, तर हाताचे बल वर आणि विस्थापन आडवे. कोन ९० अंश, त्याचा कोसाइन शून्य. त्यामुळे एकसारख्या चालीत तिथेही शून्यच. बादली परत विहिरीत हळूहळू सोडली, तर हाताने केलेले कार्य ऋण येते.

म्हणून गणित सोडवायला घेण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून काढा : कार्य कोणत्या बलाचे आणि कोणत्या वस्तूवर. बादली वर येताना हाताचे कार्य धन असते, त्याच वेळी गुरुत्वाकर्षणाचे ऋण. नुसते ‘कार्य किती?’ असे विचारले, तर प्रश्नच अपुरा आहे.