जॅकी के : मायेच्या नात्याची कवयित्री

माणसाचे आपले कोण? ज्यांनी जन्म दिला ते, की ज्यांनी वाढवले ते? हा प्रश्न आयुष्यभर जगलेल्या आणि काव्यातून मांडलेल्या स्कॉटलंडच्या समकालीन कवयित्री जॅकी के यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९६१ साली एडिंबरा येथे झाला. जन्मदात्री स्कॉटिश, तर जन्मदाते नायजेरियन. हेलन व जॉन के या गोऱ्या दांपत्याने त्यांना तान्हेपणीच दत्तक घेतले आणि ग्लासगोजवळच्या बिशपब्रिग्ज गावात वाढवले. हेलन शांतता चळवळीत, तर जॉन कम्युनिस्ट पक्षात कार्यरत होते. घरात माया होती. घराबाहेर मात्र वर्णावरून हिणवले जाई. ज्या देशात जन्म झाला, ज्याची बोली ओठांवर होती, त्याच देशात ‘तू मूळची कुठली?’ हा प्रश्न त्यांच्या वाट्याला वारंवार आला.

१९९१ साली त्यांचा ‘द अडॉप्शन पेपर्स’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील दीर्घकाव्यात मुलगी, जन्मदात्री आणि दत्तक आई अशा तिघी बोलतात. प्रत्येकीच्या शब्दांसाठी वेगळा टाइप वापरला आहे. दत्तक आई मूल मिळावे म्हणून दारोदार फिरते, पण नकारच पदरी पडतात. मुलाच्या रंगाविषयी आमची काही अट नाही, असे ती सहज बोलून जाते आणि तिची प्रतीक्षा त्या क्षणी संपते. समाज कोणत्या मुलांना मोजतच नव्हता, हे यावरून उमगते. तरीही कवयित्री कोणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. तिघींचेही दुःख ती सारख्याच आदराने ऐकते.

पुढे त्यांनी जन्मदात्यांचा शोध घेतला. ती कहाणी ‘रेड डस्ट रोड’ (२०१०) या आत्मकथनात आहे. रक्ताचे नाते सापडले, परंतु मायेच्या नात्याची जागा त्याने घेतली नाही.

२०१६ ते २०२१ या काळात त्या ‘मकार’, म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रकवी होत्या. तेथे प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शासनातर्फे कपडे व आवश्यक वस्तूंची पेटी दिली जाते. त्या पेटीसाठी स्वागताची कविता जॅकी के यांनी लिहिली. जिच्यासारख्या बाळांना एके काळी कोणी मागत नव्हते, तिच्याच शब्दांनी आज त्या देशातील बाळांचे स्वागत होते. घरापासून दूर राहून शिकलेल्या आमच्या वाचकांना या कवयित्रीचे मोल वेगळे सांगावयास नको.